चंदेरी झबलं

"शोधतंय," घड्याळजी म्हणाले.

"मघापासून तेच सांगताय. उपग्रह आहेत की तुमचा चष्मा?" माई म्हणाल्या.

दोघं गाडीत पट्टे बांधून बसले होते आणि गाडी अजून घरासमोरच होती. माईंच्या मांडीवर डबा, पायाशी पिशवी, हातात पंखा. समोरच्या काचेला चिकटवलेल्या रस्ता दाखवणाऱ्या यंत्रावर एक बारीकसं चक्र गरगरत होतं. खाली अक्षरं होती, 'उपग्रह शोधत आहे.'

आज उशीर करून चालणार नव्हतं. माईंची धाकटी बहीण रात्रीच्या विमानाने मुलीकडे परदेशी निघाली होती, ती कायमचीच. जुनं घर विकून ती सध्या शहराबाहेरच्या एका नव्या वसाहतीत भाड्याने राहत होती. तिथल्या सगळ्या इमारती म्हणे एका साच्यातून काढल्यासारख्या. "ताई, दुपारच्या जेवणाला या. संध्याकाळी मला न्यायला गाडी येईल, मग काही खरं नाही," असं तिने दोनदा बजावलं होतं.

माईंना त्या वसाहतीचा रस्ता ठाऊक नव्हता. एरवी गाडीतलं यंत्र माईच होत्या. "बटणांच्या दुकानापासून डावीकडे," त्या सांगत, आणि घड्याळजी वळत. बटणांचं दुकान बंद होऊन त्याजागी बँक आली, बँक जाऊन व्यायामशाळा आली, तरी वळण बटणांच्या दुकानाचंच राहिलं. पण मागच्या वर्षी नवा उड्डाणपूल झाला, त्यावर दोघांचा वाद झाला, आणि वाद मिटला तेव्हा ते भलत्याच गावात होते. त्यानंतर घड्याळजींनी हे यंत्र आणलं.

आणलं तेव्हा ते चलाख होतं. चावी फिरवली की लगेच आतली बाई गोड आवाजात बोलू लागे. पण पुढे ते आळसावलं. हल्ली तर बाईला जाग यायच्या आत घड्याळजींची एक डुलकी होऊन जाई.

घड्याळजींना हे फार लागलं होतं. उभा जन्म डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. दुकान बंद केलं तरी पेचकस खिशात असे. त्यांच्या हाताला न जुमानणारं यंत्र आजवर एकच झालं होतं, ते म्हणजे घरचा जुना रेडिओ. त्याचा आवाज बसायचा. घड्याळजी तो उघडायचे, पुसायचे, की खणखणीत बोलायचा. काही दिवसांनी पुन्हा घोगरा. असं वर्षानुवर्षं चाललं.

"झाडाखाली उभी केलीय ना गाडी," कुंपणापलीकडून विमावाले म्हणाले. त्यांनी हयातभर विमे विकले होते आणि सल्ले फुकट दिले होते. "उपग्रहाला मोकळं आकाश लागतं. मैदानावर चला. मी येतो."

"तुम्ही कशाला त्रास घेता," माई म्हणाल्या. पण तोवर विमावाले मागच्या सीटवर बसलेसुद्धा होते.

मैदानावर आकाशाला तोटा नव्हता. घड्याळजींनी मधोमध गाडी लावली. "आता हलायचं नाही. पुस्तिकेत लिहिलंय, स्थिर बसा." तिघं फोटो काढून घ्यायला बसल्यासारखे बसले. चक्र गरगरत राहिलं. विमावाल्यांनी खिडकीतून डोकं काढून वर पाहिलं. ते पाहून फेरफटका मारणारे एक गृहस्थ थांबले आणि त्यांनीही वर पाहिलं. मग दोन बायका थांबल्या.

"काय आहे हो वर?"

"उपग्रह सापडत नाहीये," विमावाले म्हणाले.

"अरेरे," त्यातली एक म्हणाली. "कोणाचा?"

एवढ्यात माईंचा फोन वाजला. "ताई, निघालात का?"

"निघालो ना," माई म्हणाल्या. खोटं नव्हतं. घरातून निघालेच होते.

"भाऊजींना म्हणावं, यंत्राच्या नादी लागू नका. पानं घेऊ का?"

"घे," म्हणून माईंनी फोन ठेवला. इतक्या वर्षांत धाकटी त्यांच्याआधी कधी जेवली नव्हती. आजही थांबून राहील, आणि संध्याकाळ दारात येऊन उभी राहील.

घड्याळजींनी आता काचेवरच्या काळ्या कागदावर संशय घेतला. उन्हासाठी लावलेला तो कागद त्यांनी पेचकसाच्या टोकाने सोलायला घेतला. अर्धा निघाला, अर्धा कढईतल्या खरवडीसारखा चिकटून बसला. यंत्र ढिम्म.

"मग लोखंड असणार," विमावाले म्हणाले. "गाडीतलं सगळं लोखंड बाहेर काढा."

"अहो, गाडीच लोखंडाची आहे," माई म्हणाल्या.

पण कोणी ऐकेना. डबा निघाला, छत्री निघाली, जॅक निघाला, धाकटीसाठी घेतलेला चमच्यांचा संच निघाला. सगळं गवतावर मांडलं गेलं. एका गृहस्थांनी छत्री उघडून, मिटून पाहिली. "कितीला देणार?"

"विकायला नाहीये," घड्याळजी तांबडेलाल होऊन म्हणाले.

चमच्यांवर ऊन पडून डोळे दिपत होते, म्हणून माईंनी मान फिरवली. तर समोर यंत्रही तसंच चकाकत होतं. म्हणजे यंत्र नाही, त्याचं झबलं.

माईंच्या घरात कुठलीच वस्तू उघडी राहत नसे. शिवणयंत्राला झबलं, मिक्सरला झबलं, फोनलाही झबलं. या यंत्राला तर त्यांनी हौसेने शिवलं होतं. मागून, वरून झाकलेलं, तोंड तेवढं उघडं, कडेने निळा गोट. कापड होतं इस्त्रीच्या टेबलाचं. चंदेरी मुलामा दिलेलं ते कापड दुकानदाराने दाखवताना म्हटलं होतं, "बाई, यातून काही म्हणून आरपार जात नाही."

माईंचा पंखा थांबला.

यंत्र आळसावलं कधीपासून? झबलं चढलं तेव्हापासून. आणि तो रेडिओ? त्यालाही जाड मखमलीचं झबलं होतं. घड्याळजी दुरुस्तीला बसले की माई म्हणत, "काढलंच आहे तर धुऊन टाकते." झबलं वाळत असेतो रेडिओ खणखणीत असे.

माईंनी नवऱ्याकडे पाहिलं. कपाळावर घाम, हाताला कागदाचा चिकटा, भोवती माणसं. आत्ता सांगितलं तर विमावाले ही गोष्ट विम्याच्या हप्त्यासारखी दर महिन्याला सांगतील. न सांगितलं तर धाकटी उपाशी बसेल.

"अहो," त्या म्हणाल्या, "किती मळलंय हे. काढून ठेवते, धुवायला टाकीन."

"तुला आत्ता धुणं सुचतंय?" घड्याळजी म्हणाले.

"मी कुठे आत्ताच धुतेय," म्हणत माईंनी झबलं उतरवून पर्समध्ये कोंबलं. त्याच वेळी विमावाल्यांनी छत्री उचलून दूर बाकावर नेऊन ठेवली. जरा वेळाने आतली बाई म्हणाली, "सरळ चला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"छत्री," विमावाले म्हणाले. "मला आधीच वाटलं होतं."

"छत्री," घड्याळजींनी मान डोलावली. "काड्यांमुळे."

"असेल बाई," माई म्हणाल्या.

बाकीचं सामान गाडीत कोंबून, छत्री विमावाल्यांच्या स्वाधीन करून दोघं सुसाट निघाले. बाई सांगत गेली, घड्याळजी वळत गेले, आणि धाकटी फाटकातच उभी होती. भात निवला होता, पण तिघं पोटभर जेवली, लहानपणीच्या भांडणांवर हसली. गाडी आली तेव्हा धाकटीने माईंचा हात सोडायला वेळ लावला. "ताई, जाताना आपल्या शाळेवरून जा," ती म्हणाली. "माझ्या वतीने बघ."

परतीला अंधारून आलं होतं. यंत्रातली बाई टवटवीत होती. "उड्डाणपुलावर जा," ती म्हणाली. शाळा पुलाखालच्या जुन्या रस्त्याला होती.

माईंनी पर्स उघडली, झबलं काढलं आणि यंत्राला नीट चढवलं.

"ऊन लागतंय हो त्याला," त्या म्हणाल्या.

घड्याळजींनी झबल्याकडे पाहिलं. मग काचेतून बाहेर पाहिलं. रस्त्यावरचे दिवे लागले होते. थोडं पुढे गेल्यावर बाई अडखळली आणि चक्र गरगरू लागलं.

"हो," ते म्हणाले. "ऊन फार आहे." आणि पूल सोडून त्यांनी गाडी खालच्या रस्त्याला घेतली. "बटणांच्या दुकानापासून डावीकडे ना?"