जलपरीची चुकीची गोष्ट

ऑपेरा म्हणजे मानवी आत्म्याची सर्वोच्च हाक, असं आमच्या सोसायटीतले वसंतराव केतकर म्हणतात. धायरीत ही हाक दर रविवारी दुपारी दोन वाजता येते, कारण त्या वेळी क्लबहाउस दुसऱ्या कोणालाही नको असतं.

वसंतराव पाटबंधारे खात्यात होते. निवृत्तीनंतर लोक भजनी मंडळ धरतात. यांनी ऑपेरा धरला. तोही एकच, परदेशी रंगमंचावर चित्रित केलेला. तळ्यातली जलपरी राजपुत्रावर भाळते आणि माणूस होण्यासाठी चेटकिणीला आपला आवाज देऊन टाकते. राजपुत्र मुक्या बायकोला कंटाळतो, दुसरीच्या नादी लागतो, पस्तावतो आणि शेवटी जलपरीच्याच मिठीत मरतो. दिग्दर्शक आधुनिक असल्यामुळे तळं नाही. जलपरी स्वयंपाकघरातल्या सिंकमधून वर येते.

"प्रतीकात्मक आहे," वसंतराव म्हणाले.

"प्लंबरला दाखवा एकदा," रफिकभाई म्हणाले. त्यांचं चपलांचं दुकान होतं. आता ते मुलाकडे आहे आणि रफिकभाई आमच्याकडे.

प्रेक्षक आम्ही दोघं. शिवाय पहिल्या रांगेत, चाकांच्या खुर्चीत सुमनवहिनी. अर्धांगाच्या झटक्यात त्यांची वाचा गेली. त्याआधी वसंतरावांचं एकही वाक्य त्यांनी दुरुस्त केल्याशिवाय सोडलं नव्हतं. हे दिवाणखान्यात "मंगळवारी" म्हणाले, की स्वयंपाकघरातून "बुधवारी" यायचं.

वसंतराव मधेमधे चित्रपट थांबवून गोष्ट समजावतात. चुकीची.

"हा राजपुत्र. हिचा सख्खा भाऊ."

"अहो, भाऊ कसा असेल?" मी म्हणालो. "मिठी बघा ती!"

"आपल्याला विचारलंय का कोणी?"

दर रविवारी नवी चूक. कधी चेटकीण जलपरीची सासू व्हायची, तर कधी राजपुत्र लष्करात भरती व्हायचा. वय झालं, असं मी आणि रफिकभाईंनी ठरवून टाकलं. आम्ही त्यांच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान आहोत.

शेवटी मी त्यांना बाहेर गाठलं. "वसंतराव, पुढच्या वेळी गोष्ट मी सांगतो."

"मुळीच नाही. आपण बरोबर सांगाल."

"मग त्यात वाईट काय?"

"मग ती काय बोलणार?" त्यांनी आत पाहिलं. "डॉक्टर म्हणतात, वाचा येईल किंवा येणार नाही. पण अख्ख्या संसारात माझी चूक ऐकून ती कधी गप्प बसलेली नाही. आली, तर त्याच वाटेने येईल."

पुढच्या रविवारी मी तोंड मिटून बसलो. रफिकभाईंनाही सांगून ठेवलं होतं. त्यांना ते जास्त जड गेलं.

शेवटच्या प्रवेशाआधी वसंतरावांनी चित्रपट थांबवला. पडद्यावर राजपुत्र एका गुडघ्यावर तसाच राहिला. "आता हा जलपरीचा निरोप घेतो आणि सुखरूप घरी जातो," वसंतराव म्हणाले, आणि नेहमीसारखे थांबले.

पहिल्या रांगेतून घोगरा आवाज आला. "चूक."



"काय चूक?" वसंतरावांनी विचारलं. त्यांचा आवाजही काही फार बरा नव्हता.

वहिनी नवऱ्याकडे नुसत्या पाहत राहिल्या. जुनीच नजर होती, ढ विद्यार्थ्याकडे बघावं तशी. वसंतराव त्यांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. रिमोट हातातच राहिला.

पाच वाजता हॉल झुंबाच्या वर्गाला द्यावा लागतो, त्यामुळे राजपुत्र त्या दिवशी मेला नाही.