पडलेल्या चेंडूची नोंद

भूम तालुक्यात ईटच्या पुढे सात किलोमीटरवर हिवरटेक नावाचं गाव आहे. तेथील नागरिकांच्या हाताची आणि डोळ्याची चपळता सरासरीपेक्षा कमी असल्याचं एका सर्वेक्षणात आढळून आलं. सर्वेक्षण मे महिन्यात दुपारी दोन वाजता झालं होतं. उपाययोजना म्हणून ‘ग्रामीण चपळता संवर्धन अभियाना’तून गावाला साडेसात लाख रुपये किमतीचं कोरं करकरीत पिनबॉलचं यंत्र मंजूर झालं. गावानं स्मशानभूमीसाठी पत्र्याची शेड मागितली होती. मंजुरीच्या पत्रात ‘आपल्या मागणीच्या अनुषंगाने’ असा स्पष्ट उल्लेख होता.

यंत्र आलं तेव्हा गावचे ग्रामसेवक बालाजी हुंबे सामान बांधत होते. (या पदाला हल्ली ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. नाव बदललं, काम तेच राहिलं.) त्यांची पत्नी प्रतीक्षा परंड्याला शिक्षिका होती. नऊ वर्षं बालाजी दर शनिवारी दोन बस बदलून घरी जात आणि सोमवारी पहाटे परत येत. मुलगी त्यांना ‘शनिवारचे बाबा’ म्हणे. अखेर परंड्याला बदलीचा आदेश निघाला होता. अट एकच होती : पंचायतीची सर्व साधनसामग्री कार्यरत स्थितीत सोपवल्याशिवाय कार्यमुक्त होता येणार नाही.

यंत्र पंचायतीच्या सभागृहात बसवलं. काचेखाली उतरता रंगीत पाट, त्यावर खांब, कमानी आणि तोंडातून दिवे फेकणारी एक सुसर. लोखंडी चेंडू वरून घरंगळत येतो आणि खाली दोन्ही बाजूंना बसवलेले दोन छोटे दांडे बटण दाबून हलवले की पुन्हा वर उडतो. पुस्तिकेत या दांड्यांना फ्लिपर म्हटलं होतं. गावानं त्यांना पाय म्हणायचं ठरवलं. दोन पायांच्या मधून चेंडू निसटला की तो पडला. तीन चेंडू पडले की खेळ संपला. एवढाच नियम.

सरपंच अयोध्याताईंनी शेजारच्या दगडावर नारळ फोडला आणि उद्घाटनाचा खेळ सुरू केला. पडद्यावर ‘चेंडू क्रमांक एक’ अशी अक्षरं आली. चेंडू सुटला, सुसरीला धडकला आणि पायांमधून सरळ खाली गेला.

“पाय मारायचा राहिला की वो माझा,” ताई म्हणाल्या.

दुसरा चेंडू आला. पडद्यावर ‘चेंडू क्रमांक एक’. तोही पडला. तिसरा आला. ‘चेंडू क्रमांक एक’. दुपारपर्यंत गावानं आळीपाळीनं एकशे बारा चेंडू पाडले आणि तरीही पहिलाच चेंडू चालू होता.

“लई दिलदार मशीन हाय,” पंचायतीचा शिपाई व्यंकट म्हणाला. “पडलेलं मनावरच घेत न्हाय.”

यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. दोन वेळा वीज गेली आणि आली. यंत्राची स्मरणशक्ती उत्तम होती. त्यानं ताईंचा तोच खेळ, तोच पहिला चेंडू, जिथे थांबला होता तिथून पुढे चालू केला.

बालाजींनी उत्पादक कंपनीच्या मदतकक्षाला फोन लावला. पलीकडून समृद्धी नावाच्या तरुणीनं अत्यंत गोड आवाजात विचारपूस केली.

“सर, अंतिम गुणसंख्या सांगा. ती भरल्याशिवाय तक्रार क्रमांक तयार होत नाही.”

“अंतिम गुणसंख्या खेळ संपल्यावर येते.”

“बरोबर सर.”

“पण खेळ संपत नाही, हीच तर तक्रार आहे.”

“मी समजू शकते सर. खेळ संपला की ही तक्रार आपण लगेच घेऊ. आजच्या संभाषणाला किती तारे द्याल?”

बालाजींनी पाच तारे दिले. मुलगी चांगली बोलली होती, तिचं नुकसान कशाला.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या चपळता कक्षातून फोन आला. यंत्र इंटरनेटनं कक्षाला जोडलेलं होतं आणि तिथल्या पडद्यावर प्रत्येक गावाचा एक ठिपका होता. खेळ चालू असताना दहा मिनिटं कोणी बटण दाबलं नाही, तर तो लाल होई.

“हुंबे, तुमचा ठिपका सकाळपासून लाल आहे. लाल ठिपक्याच्या गावातल्या कर्मचाऱ्यांना कार्यमुक्त करायचं नाही, असं परिपत्रक आहे.”

“साहेब, यंत्रात दोष आहे. चेंडू पडल्याची नोंदच होत नाही.”

“तक्रार क्रमांक सांगा.”

बालाजींनी फोन ठेवला आणि व्यंकटला यंत्रापुढे उभं केलं. ठिपक्याचा लाल रंग गेला, पण यंत्र ‘कार्यरत’ म्हणून सोपवायचं तर खेळ एकदा तरी संपायला हवा होता.

व्यंकट आतापर्यंत आठवड्यातून तीन दिवस पंचायतीत झाडलोट करी आणि उरलेले दिवस मिळेल त्या कामावर जाई. आता तो रोज येऊ लागला. पुढे दोन पाळ्या झाल्या आणि दुसऱ्या पाळीसाठी बचत गटातल्या चार बायका ठरवाव्या लागल्या. ‘यंत्र सक्रियता सहायक’ असं पदनाम त्यांना मिळालं. बटण दाबायला कौशल्य लागत नव्हतं. अयोध्याताईंनी तर एका हातानं शेंगा सोलत दुसऱ्या हातानं पाय मारण्याची पद्धत शोधून काढली.

महिन्याभरानं सोलापूरहून कंपनीचा तंत्रज्ञ आला. त्याचं नाव शंभुलिंग. कपाळावर भस्म, हातात पेटी. त्यानं विजेरी घेतली, वाकून काचेतून पाहिलं आणि लगेच हसला.

“बघा सर, हे खालचं भोक हाय का न्हाय, तिथं पत्र्याची पट्टी असती. चेंडू पडला की पट्टी दबती, नोंद होती. ही पट्टी कारखान्यातच वाकडी बसवलीया. बोटानं सरळ केली तरी भागतंय. पाच मिनिटांचं काम.”

“मग करा की!” बालाजींचा आवाज चिरकला.

“तक्रार क्रमांक?”

“नाही.”

“मग काच उघडायची परवानगी न्हाय सर मला. मी दुरुस्तीला आलो न्हाय. मी समाधान भेटीला आलोय.” त्यानं एक कागद पुढे केला. “इथं सही करा. समाधान झालं म्हणून.”

“समाधान कुठं झालं?”

“कारण सापडलं की सर. कारण सापडलं म्हणजे समाधान.”

बालाजींनी सही केली. शंभुलिंगानं चहा घेतला, स्वतः दोन-चार वेळा पाय मारले आणि ‘आमच्या तिकडल्या मशीनपेक्षा हे लई पळतंय’ असं म्हणत तो निघून गेला.

मार्चमध्ये जिल्ह्याचं मूल्यमापन झालं. बाकीच्या गावांतली यंत्रं चांगली होती. त्यांच्यावर खेळ दोन-तीन मिनिटांत संपे, माणसं घरी जात आणि दिवसाचा वापर तासाभराच्या पुढे सरकत नसे. हिवरटेकमध्ये मात्र वापर दिवसाला सतरा तास होता आणि नोंदीनुसार या गावातल्या नागरिकांच्या हातून आजवर एकही चेंडू पडलेला नव्हता. चपळतेत गाव जिल्ह्यात पहिलं आलं.

सत्कार झाला. ‘हिवरटेक पॅटर्न’ हे नाव पडलं. पाहणीसाठी पथकं येऊ लागली. सदस्य यंत्राभोवती उभे राहत, चेंडू डोळ्यांदेखत पडताना पाहत आणि अभिप्राय वहीत ‘एकही चेंडू पडत नाही, अनुकरणीय’ असं लिहून जेवायला बसत. जेवणाला शेंगदाण्याची आमटी आणि बाजरीची भाकरी असे, त्याबद्दलचे अभिप्राय मात्र खरे होते.

एप्रिलमध्ये बालाजींना पत्र आलं. ‘आपल्या प्रदीर्घ अनुभवाची अभियानास नितांत गरज असल्याने आपली परंडा येथील बदली पुढील आदेशापर्यंत स्थगित करण्यात येत आहे. अभिनंदन.’

त्या शनिवारी ते घरी गेले नाहीत. रात्री प्रतीक्षाचा फोन आला.

“किती दिवस?” तिनं विचारलं.

“खेळ संपेपर्यंत.”

“तुम्ही एवढे शिकलेले. एक पट्टी सरळ करता येत नाही तुम्हाला?”

प्रश्न साधा होता. नऊ वर्षांच्या नोकरीत तो त्यांना कधी सुचला नव्हता.

बुधवारी भर दुपारी सभागृहात व्यंकट एकटाच यंत्रापुढे स्टूलवर बसला होता. बालाजी पक्कड घेऊन आत आले. व्यंकटनं पकडीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“भाऊसाहेब, नका.”

“व्यंकट, चहा पिऊन ये जा.”

“ती पट्टी सरळ झाली की माझं काम तीन दिवसांवर यील. पोरीचं नाव बार्शीच्या कॉलेजात घातलंय म्या. मशीनच्या जिवावर घातलंय.” तो बोलत होता, पण हात बटणावरून निघाला नव्हता. “तुमचं घर परंड्यात हाय, व्हय. आमचं घर ह्या मशीनमधी हाय.”

बालाजी बाकावर बसले. मांडीवर पक्कड. पाच-सहा चेंडू पडले. प्रत्येक वेळी पडद्यावर ‘चेंडू क्रमांक एक’.

“व्यंकट, खरं सांग. एवढे महिने खेळतोयस. मजा येते?”

व्यंकटनं विचार केला. “पहिल्या दिशी आली. मग न्हाय. हारायचंच न्हाय म्हणल्यावर कशाची मजा?” थोड्या वेळानं तो स्वतःच उठला. “आना जी ती पक्कड. तुमास्नी सवय न्हाय. काच फुटली म्हंजी साडेसात लाख.”

दोघांनी मिळून काच सरकवली. पट्टी खरोखरच बोटाएवढी होती आणि खरोखरच वाकडी. तिला सरळ व्हायला पाच मिनिटंही लागली नाहीत. व्यंकटनं चेंडू सोडला, मुद्दाम पडू दिला. ‘चेंडू क्रमांक दोन’. मग ‘तीन’. मग यंत्र क्षणभर अंधारलं, आतून एक बिगूल वाजला आणि एक्केचाळीस कोटी काही लाखांचा आकडा पडद्यावर लखलखला. सुसरीनं अकरा मिनिटं तोंड उघडं ठेवून दिवे फेकले.

मग बालाजी स्वतः खेळले. दोन मिनिटांत हरले. पुन्हा खेळले, हरले, मोठ्यानं हसले. व्यंकट खेळला, हरला, आणि ‘ह्या मशीनच्या आयला’ म्हणत पुन्हा उभा राहिला. हिवरटेकमध्ये त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी पिनबॉल खेळलं. बालाजींना वाटलं, आपल्या हातून पंचायतीतली एक तरी गोष्ट पूर्ण झाली.

दुसऱ्या आठवड्यात जिल्ह्यातून चौकशी अधिकारी आले. त्यांच्यासमोर नोंदींचा जाडजूड गठ्ठा होता.

“हुंबे, तुम्ही यंत्रात हस्तक्षेप केलात?”

“दोष होता साहेब. चेंडू पडत होते, पण नोंद होत नव्हती.”

“चेंडू पडत होते हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“दिसत होतं.”

“नोंद दाखवा.”

“नोंद होत नव्हती, हाच दोष होता.”

अधिकाऱ्यांनी शांतपणे चष्मा पुसला. ते वाईट गृहस्थ नव्हते. “हे बघा. गेल्या सात महिन्यांत पडलेले चेंडू : शून्य. तुम्ही हात लावल्यापासून आठ दिवसांत पडलेले चेंडू : पाचशे चार. वापर सतरा तासांवरून पन्नास मिनिटांवर. आता तुम्हीच सांगा, यंत्र कधी बिघडलं?”

 

गावानं विशेष ग्रामसभा घेतली. यंत्र तातडीनं पूर्ववत करून मिळावं, असा ठराव एकमतानं झाला. अयोध्याताईंनी सही करताना बालाजींच्या नजरेला नजर दिली नाही. “भाऊसाहेब, तुमच्यावर राग न्हाय,” त्या नंतर म्हणाल्या. “पण पयला नंबर आलता वो गावाचा. कधी आलता ह्याच्या आधी?”

खेळ आता संपत असल्यामुळे अंतिम गुणसंख्या उपलब्ध होती, त्यामुळे तक्रार क्रमांक एका मिनिटात मिळाला. ‘दोषाचे स्वरूप’ या रकान्यात ‘चेंडू पडतात’ असं लिहिलं गेलं. दुसऱ्याच दिवशी शंभुलिंग आला, रीतसर काच उघडून त्यानं पट्टी वाकडी केली आणि समाधानाची सही घेतली. व्यंकट पुन्हा रोज कामावर येऊ लागला. त्याच्या मुलीचा प्रवेश टिकला. मात्र पाळी संपली की तो दोन मिनिटं नुसता यंत्राकडे बघत उभा राहतो, असं बचत गटाच्या बायका सांगतात.

शासकीय यंत्राच्या नुकसानीबद्दल बालाजींना निलंबित करण्यात आलं. निलंबनाच्या काळात कर्मचाऱ्याला एखाद्या ठिकाणी हजेरी लावावी लागते आणि ते ठिकाण आदेशातच नेमून दिलेलं असतं. बालाजींच्या आदेशात लिहिलं होतं : ‘मुख्यालय परंडा.’

नऊ वर्षांच्या अर्जांनी जे झालं नाही, ते एका पकडीनं झालं. बालाजी आता परंड्यात असतात. सकाळी हजेरी लावतात, मग मुलीला शाळेत सोडतात. मुलीनं त्यांचं नाव बदललं नाही. पण आठवड्यात सात शनिवार येतात, एवढा फरक तिनं मान्य केला आहे.

परवा किल्ल्याजवळच्या चहाच्या हॉटेलात एक सद्गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. ‘साडेसात लाखांचं यंत्र बिघडवलं, ग्रामपंचायत अधिकारी निलंबित,’ त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि समोरच्या अनोळखी माणसाला, म्हणजे बालाजींनाच, म्हणाले, “असल्यांना घरीच बसवायला पाहिजे.”

“बसवलंय,” बालाजी म्हणाले आणि चहा संपवून उठले.

ती बातमी तुम्हीही वाचली आहे. आतल्या पानावर होती, खाली डाव्या कोपऱ्यात, चार ओळी. वाचून तुम्ही ‘चला, एकावर तरी कारवाई झाली’ असं म्हणालात, समाधानानं पान उलटलंत, आणि ते समाधानही कुठेतरी नोंदवलं गेलं आहे.