पद्धतशीर भेव

आमच्या शेजारचे महागावकर सर रोज सकाळी अंगणातल्या लिंबाच्या झाडासमोर उभे राहतात आणि गांधीलमाशीचा आवाज काढतात. हात पाठीमागे, मान थोडी पुढे, ओठ मिटलेले. आवाज नाकातून येतो. तो बारीक सुरू होतो, जवळ येतो, झाडाभोवती एक घिरटी घालतो आणि फाटकाकडे निघून जातो. सर मात्र जागचे हललेले नसतात. पत्ता विचारायला आलेला मारेगावचा एक गृहस्थ एकदा डोक्यावर रुमाल धरून मोटरसायकलमागे लपला होता. सरांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पानावरच्या अळीकडे बोट दाखवून ते आनंदाने म्हणाले, "पाहा, पाहा! जेवण थांबलं!"

खरोखरच थांबलेलं असतं. भराभर पान कुरतडणारी हिरवी अळी मान उचलून दगडासारखी स्तब्ध होते. गांधीलमाशी अळ्या उचलून नेते. अळीला कान नाहीत, पण अंगावरच्या बारीक केसांना हवेतली थरथर कळते. सर म्हणतात, "भेव लागते म्हणून तं जिवंत आहे ना बाप्पा! फक्त भेव पद्धतशीर पाहिजे."

पद्धतशीर भेव हा सरांचा आयुष्यभराचा विषय. आम्ही दोघे यवतमाळच्या एकाच कॉलेजात होतो. ते प्राणिशास्त्र शिकवायचे, मी ग्रंथालय सांभाळायचो. वाघ-सिंहांत त्यांना रस नव्हता. "खाणाऱ्याचं काय कौतुक? त्याला फक्त भूक असते. अक्कल खाल्ला जाणाऱ्याला लागते." पानं खाऊन जगणारे किडे, आणि त्यांना खाणाऱ्यांच्या धाकाने त्यांनी केलेले एकेक उपद्व्याप, यावर ते तास संपल्याची घंटा झाल्यावरही बोलत राहत. लिंबावरची अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, कारण विष्ठा कोणी खात नाही. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. तरीही कोणी डिवचलंच, तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं काढते आणि घाण वास सोडते. हा वास सरांना फार आवडायचा. कॉलेजच्या गॅदरिंगला त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर कावळ्याने प्रसाद टाकला, तेव्हा ते पुसू देईनात. भिंग आणून पाहिलं आणि खिन्नपणे म्हणाले, "नाही. कावळाच आहे."

नाकतोड्यांवरचा त्यांचा प्रयोग मी पाहिला आहे. जाळीच्या एका पेटीत नाकतोडे, दुसऱ्या पेटीत नाकतोडेच, पण मध्ये जाळी लावून पलीकडे कोळी. कोळी कोणाला शिवू शकत नव्हता. तरी त्या पेटीतले नाकतोडे आवडीचं गवत सोडून दाट पाल्यात दडले, आणि दडल्या जागी मिळेल तेच खाऊ लागले. "कोणी मारलं नाई त्याईले," सर म्हणाले, "पण ताट बदललं. भेव असं ताट बदलवते."

शेतकऱ्यांचे फोन यायचे. बाभुळगावकडून कोणी कापूसवाला विचारी, "सर, पऱ्हाटीवर मावा आला, काय मारू?" सर उलट विचारत, "पंखवाला आहे का बिनपंखाचा?" मग सर समजावून सांगत, की मावा खाणारे ढालकिडे झाडावर आले की माव्याची मादी पंख असलेली पिल्लं जन्माला घालते. तिला स्वतःला पंख फुटत नाहीत. ती तिथंच राहते, पिल्लं उडून जातात. "मंग फवारू का नको, ते सांगा ना जी!" शेतकरी काकुळतीला येई.

सरांना भीतीचं शास्त्र एवढं कळायचं, कारण ते स्वतः जगातले सर्वांत भित्रे गृहस्थ होते. प्राचार्य येताना दिसले की ते भिंतीला लागून उभे राहत, आणि त्यांचे सदरेही सगळे भिंतीच्याच रंगाचे. स्टाफ मीटिंगमध्ये हात वर करायची वेळ आली की त्यांचं पेन खाली पडे. पान हलताच जमिनीवर टपकन पडून मेल्याचं सोंग घेणारा भुंगेरा असतो, तसे ते टेबलाखाली जात आणि मोजणी संपल्यावर वर येत. ज्याच्यासमोर उभे असतील त्याच्या बाजूचे ते होत. त्यांनी कधी कोणाला 'नका' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

लग्नही त्यांनी भीतीनेच केलं नाही. माझी पत्नी विमल त्यांची थट्टा करायची. तिचं माहेर बाभुळगावचं, जीभ सरळ. "सर, पोरगी पाह्यला गेलते तं तिथंबी टेबलाखाली गेलते का जी?"

"टेबल नव्हतं, वहिनी. सतरंजी होती."

ती पदर तोंडाला लावून हसायची आणि कुंपणावरून हाक मारायची, "अळीचं जेवण झालं असंन तं आता तुम्ही जेवून घ्या! झुणका केला आहे." सर दोनदा नको म्हणायचे आणि तिसऱ्यांदा स्वतःची वाटी घेऊन यायचे. वाटी कायले आणता, घरात भांडे नाहीत का, हे ती प्रत्येक वेळी विचारायची. दिवाळीचा फराळ, पोळ्याचं पुरण, संक्रांतीचे लाडू, सगळं त्यांनी आमच्याच स्वयंपाकघरात बसून खाल्लं. किती वर्षं, ते आता आठवायचं म्हटलं तर ती वर्षं वेगवेगळी दिसत नाहीत. एकच लांब दुपार वाटते.

विमल मागच्या हिवाळ्यात गेली. लोक आले, बसले, गेले. मला भूक लागेनाशी झाली. सर रोज दुपारी डबा घेऊन येत आणि समोर बसून राहत. सांत्वनाचं एक वाक्य त्यांना जमलं नाही. एकदा मीच म्हणालो, "सर, घास उतरत नाही."

"उतरंन," ते म्हणाले. "माशी निघून गेली तरी अळी लगेच खात नाई. थांबते. किती थांबते त्याचा नियम नाई. मी पाह्यलं आहे ना. आपण नुसतं उभं राहावं." आणि ते खिडकीबाहेर पाहू लागले.

उन्हाळा लागता लागता माझा मुलगा नितीन म्हणाला, "बाबा, पुण्याला या आता. घर भाड्याने देऊ. तिथे एकटे काय करणार?" मी हो म्हणालो. सर शेजारीच बसले होते. नितीनने फोनवर त्यांनाही विचारलं.

"पुणं? पुणं फार छान," सर ताबडतोब म्हणाले. "हवा छान. दवाखाने छान. इथं काय आहे?"

फोन ठेवल्यावर ते डब्यासोबत आणलेली वाटी विसरून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ते आवराआवर करायला हजर. सामान थोडंच होतं. पुस्तकं मात्र फार, म्हणून आम्ही पत्र्याच्या पेट्या काढल्या. पहिली पेटी भरून मी सुतळी बांधली, तसे सर पेटीशी उकिडवे बसले, नाक लावून वास घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, "कसर आहे."

"कुठे?"

"आत. अशी पुण्याला नेसान तं तिथली सारी पुस्तकं खाईन. ऊन दाखवा लागते."

कसर म्हणजे पुस्तकं खाणारा चंदेरी किडा. तज्ज्ञाचा शब्द, म्हणून मी सुतळी सोडली. अंगणात चादर पसरली, पुस्तकं उघडून मांडली. सर दिवसभर एकेक पुस्तक कूस बदलल्यासारखं फिरवत राहिले. संध्याकाळी पुन्हा भरली. सकाळी दुसऱ्या पेटीत कसर निघाली. त्यानंतर पुन्हा पहिलीत. "अंडी राहून गेली असतीन," सर म्हणाले. नितीनने तिकडे गाडी ठरवली, मग पुढे ढकलली, मग पुन्हा पुढे ढकलली. "बाबा, काय चाललंय?" "कसर आहे रे," मी सांगितलं.

काल दुपारी सर बाजारात गेले असताना मी एकटा त्या चादरीवर बसलो. एकेक पुस्तक घेऊन पान न् पान उलटलं. कसरीने कुरतडलेलं पान कसं असतं, हे मला आंधळेपणीही बोटांनी कळेल. एकाही पानाला भोक नव्हतं.

सर आले. मी म्हणालो, "सर, माझी हयात पुस्तकांत गेली. या पेट्यांत कसर नाही."

त्यांनी चपला काढल्या, परत घातल्या. खिशातून पेन पडलं, ते त्यांनी उचललं नाही. भिंतीजवळही गेले नाहीत. अंगणाच्या मधोमध उन्हात उभे राहिले.

"नाई," ते म्हणाले.

"मग बांधू?"

"नका बांधू." आवाज इतका मोठा आला की ते स्वतःच दचकले. मग खाली पाहून, हळू, "म्हणजे... ऊन चांगलं आहे आज."

कुंपणावरून कोणी हाक मारणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी आत गेलो. पलंगाखाली विमलची पेटी होती. तिची पुस्तकं, मासिकांतून तिने कापून ठेवलेली पानं. ती गेल्यापासून मी त्या पेटीला हात लावला नव्हता. ओढत ओढत अंगणात आणली आणि सरांच्या पुढ्यात ठेवली.

"हिच्यात पाहा बरं," मी म्हणालो. "हिच्यात असेल कसर."