न गळणारा चंद्र

बूचमामांनी चंद्राच्या पाठीवर टिचकी मारली. टक् असा आवाज आला.

"वाळला," ते म्हणाले.

"वरून वाळला," बायको म्हणाली. "पोटात ओला आहे अजून. हात लावून बघा, कसा गार लागतोय."

"चंद्र गारच असतो," असं म्हणून बूचमामांनी वॉटरप्रूफिंगचा डबा उघडला.

चंद्र नातीचा होता. शाळेच्या नाटकात तिला चंद्राचं काम मिळालं होतं. मोठ्या फुग्यावर खळ लावलेल्या कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या, वर लगदा लिंपायचा, मग फुगा फोडून गोळा अर्धा कापायचा आणि परातीएवढ्या त्या अर्ध्या चंद्रामागे बसून नातीने बोलायचं, असं ठरलं होतं. आजोबांनी चंद्र करून द्यायचं कबूल केलं होतं. शाळेतल्या बाईंनी मात्र बजावलं होतं की, चंद्र आला नाही तर नातीला झाड करू. झाडांना काम असं नव्हतंच. मागे ओळीने उभं राहायचं आणि नाक खाजवायचं नाही.

बूचमामा हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. टाक्या, गच्च्या, तळघरं यांची गळती बुजवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, तिथे हे नाव चिकटलं आणि निवृत्तीनंतर त्यांच्यासोबत घरी आलं. गळती म्हटली की त्यांचे डोळे चमकत. फक्त स्वतःच्या न्हाणीघराचं छत तेवढं ठिबकत असे. खाली कायमची बादली होती. बादलीचा विषय निघाला की बूचमामा पेपर उघडत.

"अहो, पण याला कशाला ते वॉटरप्रूफिंग? साधं व्हार्निश पुरे. तेही वाळल्यावर."

"नाटकाच्या वेळी पाऊस आला तर?"

"नाटक हॉलमध्ये आहे."

"हॉलला छत असतं ना?" बूचमामांनी ब्रश बुडवला. "मग? छतावर विश्वास ठेवणारी माणसं मी फार बघितली."

यावर बायकोने न्हाणीघराकडे नुसतं पाहिलं. बूचमामांनी बाहेरून हात मारला, आतून मारला, कडा मारल्या, आणि मन भरेना म्हणून सगळं पुन्हा एकदा मारलं.

"आता थेंबभर पाणी आत शिरायचं नाही!"

"आणि आतलं बाहेर?"

हा प्रश्न बूचमामांना उभ्या आयुष्यात कुणी विचारला नव्हता. म्हणून त्यांनी तो ऐकलाच नाही.

नात शेजारच्या खोलीत पाठ करत होती.

"ढगा ढगा, बाजूला हो,
अंगणं झाली काळी;
वाटीभर तरी सांडू दे
चांदणं माझं खाली."

"सांडायचं कशाला?" बूचमामा ब्रश धूत म्हणाले. "नुसती नासाडी!"

नाटक जवळ आलं तशी चंद्राची तब्येत बिघडली. वजन रतीभरही उतरेना. एक गाल खाली ओघळला. घरात आंबूस वास सुटला. बायकोने फ्रिज रिकामा केला, फडकी उकळली, चपलांचं कपाट उन्हात काढलं. शेजारीण दारातूनच म्हणाली, "वहिनी, रागावू नका हं, पण तुमच्याकडे काहीतरी नासलंय."

शेवटी नातीने चंद्राला नाक लावलं. "आजोबा, हा आहे!"

"लगद्याला जरा वास असतोच," बूचमामा म्हणाले आणि सुनेचा हेअर ड्रायर घेऊन बसले. ऊब लागताच चंद्राच्या कपाळावर टेंगूळ आलं. बघता बघता ते लिंबाएवढं झालं.

"वाफ आहे," बायको शांतपणे म्हणाली. "जाणार कुठे बिचारी? तुम्ही दारं लावून घेतलीत."

नात भिंतीला पाठ लावून उभी राहिली. हात दोन्हीकडे पसरले.

"हे काय गं?"

"झाडाची प्रॅक्टिस."

बूचमामांना ते बघवेना. ते उठले आणि पोती शिवायची दाभण घेऊन आले. ज्या हाताने जन्मभर भोकं बुजवली, त्याच हाताने त्यांनी पहिलं भोक पाडलं. टेंगूळ फुस्स झालं. खालून आंबट पाण्याचा एक थेंब निघाला आणि गालावरून ओघळला, चंद्र रडल्यासारखा. मग मात्र बूचमामांनी मागे पाहिलं नाही. कपाळ, गाल, हनुवटी, सगळीकडे टोचत सुटले. चंद्र गॅलरीत ठेवला. नाटकाच्या दिवसापर्यंत वारा त्याच्या आरपार खेळत राहिला आणि चंद्र पिसासारखा हलका झाला.

"आता फक्त भोकं बुजवतो," म्हणून बूचमामांनी पुट्टीचा डबा काढला, तेवढ्यात शाळेची गाडी वाजली. नात चंद्र उचलून पळालीसुद्धा.

नाटकाला बूचमामा सर्वांत मागच्या रांगेत बसले. पुट्टीचा डबा पिशवीत होताच, न जाणो मध्यंतरात संधी मिळाली तर. रंगमंचावर चंद्र आला. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, याला देवी आल्यात का?"

बूचमामांनी मान खाली घातली.

मग अंधार झाला. ढग पुढे आला. नातीला दिसावं म्हणून बाईंनी तिच्या मागे एक दिवा लावला होता, तो तेवढा उरला. नातीने श्वास घेतला.

"वाटीभर तरी सांडू दे
चांदणं माझं खाली."

ढग सरकला, आणि चंद्राच्या भोकाभोकांतून उजेड बाहेर पडला. झाडांच्या नाकांवर, पडद्यावर, छतावर, लोकांच्या मांड्यांवर. बूचमामांच्या सदऱ्यावरही एक ठिपका येऊन बसला. त्यांनी सवयीने तो अंगठ्याने दाबला. तो अंगठ्यावर चढून बसला. हॉलभर टाळ्या वाजल्या. एका झाडाने मान वर करून नाक खाजवलं, तरी कुणी रागावलं नाही.

खेळ संपल्यावर बाई शोधत आल्या. "आजोबा, काय सुरेख! ही भोकांची कल्पना सुचली कशी हो?"

बूचमामांनी पिशवी पायाने खुर्चीखाली सरकवली.

"त्याचं असं आहे बाई," ते घसा खाकरून म्हणाले, "कुठे गळू द्यायचं, हे कळायला अनुभव लागतो."

"अनुभव दांडगा आहे त्यांचा," बायको म्हणाली. "एकदा घरी या. आमचं न्हाणीघर बघा."