वळणशास्त्र आणि अंबूबाईंचा झेंडू

माणूस कुठे पोचला याला महत्त्व नाही. तो किती लवकर पोचला, यालाच आहे. हे सत्य जगाला केव्हाचे ठाऊक होते. आमच्या दाभाडमळ्याला ते दोन हजार तीन साली, संगणक आल्यावर कळले. त्याआधीच्या पिढ्या उगाचच वेळेवर पोचत होत्या.

संगणक आला तो झिपरूच्या कांद्याच्या चाळीत. चाळीला चारी बाजूंनी वारा, आणि कोंदट जागेचे भय कांद्याइतकेच संगणकालाही. तेव्हा जागेची निवड शास्त्रशुद्धच म्हणायची. चाळीवर ‘सायबर कॅफे’ अशी पाटी लागली. (इंटरनेट नाशिकहून निघाले होते. पाटी आधी पोचली, एवढेच.) आत चालणारी गोष्ट एकच, मोटारींच्या शर्यतीचा खेळ. समुद्राकाठचा एक रस्ता, आणि वर कोपऱ्यात पळणारे घड्याळ. मळ्यातले सत्तर टक्के तरुण तो खेळत. उरलेले तीस टक्के रांगेत असत.

पहिला नंबर काढणे लवकरच सगळ्यांना जमले आणि त्यामुळे त्यात काही राम उरला नाही. मग खरी साधना सुरू झाली. तोच रस्ता, तीच वळणे, फक्त कालच्यापेक्षा पापणीभर लवकर. द्राक्षाच्या घडातले दाटीचे मणी बाया कात्रीने हलकेच टिपून काढतात, तसे आमचे तरुण सेकंदातला फाजील भाग टिपून काढू लागले. फरक इतकाच, की विरळणीनंतर घड भरतो.

एवढ्या मोठ्या कार्याला शिस्त हवी म्हणून ‘वळण अभ्यास मंडळ’ स्थापन झाले. अध्यक्षपदी सावळीरामबाबांची एकमताने निवड झाली. बाबांनी संगणकाला कधी बोटही लावले नव्हते, म्हणजे त्यांचे मन कुठल्याही बाजूने कलुषित नव्हते. शिवाय बैल पारखावा तर पंचक्रोशीत त्यांनीच.

मंडळापुढचा पहिला विषय होता, गाडी कोणती घ्यावी. खेळात गाडी निवडताना ती पडद्यावर सावकाश गोल फिरते. बाजारात धनी बैल फिरवून दाखवतो, अगदी तसेच. बाबांनी खुर्ची पुढे ओढली.

“चारी अंगानं दाखवतोय,” ते म्हणाले, “म्हंजी काय तरी लपवतोय.”

लाल गाडीची मान त्यांना फार उंच वाटली. सरळ रस्त्याला वारा, पण वळणाला समुद्रात, असे त्यांनी भाकीत केले आणि लाल गाडी खरोखरच समुद्रात गेली. (चालवणारा चिमाजी होता. तो कुठल्याही गाडीने समुद्रातच जाई. परंतु हा मुद्दा कोणी उपस्थित केला नाही.) निळ्या गाडीच्या डोळ्यांत भीती होती. हिरव्या गाडीच्या मागे, ऐन शेपटाजवळ, एक गोल चित्र होते. बाबांनी तो अंगावरचा अशुभ भोवरा ठरवला, आणि भोवऱ्याचे जनावर दावणीला बांधत नाहीत. हिरवी गाडी सगळ्यांत वेगवान होती हे पुढे सिद्ध झाले. पण म्हणून भोवरा जातो थोडाच.

राहिली पिवळी. बुटकी, रुंद, पुढून हलकी, मागून भरलेली. “ही मागून फिरणार,” बाबा म्हणाले आणि निघून गेले. निवड पूर्ण झाली.

दुसरा विषय वळणाचा. सामान्य माणूस वळण आले की वेग कमी करतो, आणि म्हणूनच तो सामान्य राहतो. अभ्यासू माणूस आधी स्टिअरिंग क्षणभर उलट्या बाजूला देतो, मग झटकन वळणाकडे, त्याच दमात हँडब्रेकला नुसता स्पर्श. गाडीचे मागचे अंग सुटून बाहेर जाते. आता पुन्हा उलटे स्टिअरिंग द्यायचे आणि ब्रेक भीती वाटण्याच्या आत सोडायचा. यालाच पोरे ड्रिफ्ट म्हणत. म्हातारी माणसे ‘ढुंगण फेकणे’ म्हणत. मंडळाने दोघांचा मान राखून ‘पश्चभागविचलन’ हा शब्द मंजूर केला, जो कोणीच वापरला नाही. बाबांना यात नवे काही दिसेना. आतल्या बैलाचा कासरा ओढायचा आणि बाहेरच्याचे शेपूट पिरगाळायचे, हेच ना, असे ते म्हणाले. मंडळाच्या विनंतीवरून जात्यावर गाणाऱ्या कुसाबाईंनी ओवीही रचून दिली :

पिवळ्या गाडीला गं, वळणाचा भारी नाद
ढुंगण फिरविता, टायर घालिती गं साद

या सगळ्यात अग्रणी होता भारत. त्याचा स्वतःचा टेम्पो होता आणि मळ्याचा भाजीपाला, फुले तोच नाशिकला नेई. त्याने पिवळ्या गाडीतली मागची सीट, जादा चाक, जे जे खेळात काढता येते ते काढून टाकले, आणि मळ्याचा विक्रम स्वतःच्या नावावर केला. त्यातून मंडळाचा मूळ सिद्धान्त निघाला. मागे जितके कमी, तितके पुढे लवकर.

भारतची मावशी अंबूबाई. त्यांचा कालव्याखाली झेंडूचा एक तुकडा. त्या साली तो असा फुलला होता, की ऊन मावळले तरी बांधावर उजेड रेंगाळे. त्यांची लेक दीपमाला हिला नर्सिंगच्या कॉलेजात जागा मिळाली होती. फी दसरा झाला की भरायची होती, नाही तर जागा दुसरीची. ती फी झेंडूतून निघणार होती, दुसरीकडून कुठूनच नाही. फुले खुडताना अंबूबाई हळू आवाजात गात :

झेंडूच्या सरीमंदी, दव लागे गं पायाला
लेक चालली शिकाया, सांगा तिच्या गं मामाला

(ही ओवी मंडळाने मागितलेली नव्हती.)

दसऱ्याच्या आदल्या सकाळी नाशिकच्या फुलबाजारात जो आधी पोचेल, त्याच्या फुलाला भाव. म्हणजे वळणशास्त्राला लोकोपयोगी होण्याची संधी चालून आली. मंडळ स्वतःहून अंबूबाईंच्या दारी गेले आणि टेम्पोचा अभ्यास सुरू झाला. बाबांनी टेम्पोभोवती एक फेरी मारली. मागचा लोखंडी फाळका निव्वळ ओझे, असे मत पडले. फाळका उतरवण्यात आला. क्रेटांनाही वजन असते, म्हणून फुले मोकळी भरायची ठरली. वर ताडपत्री आणि दोर बांधला की बाजारात सोडायला वेळ जातो, आणि घड्याळ तर गाठ सोडताना थांबत नाही. सबब दोर बांधूच नये, असे ठरले.

“फाळका नाय, दोर नाय,” अंबूबाई म्हणाल्या, “मग फुलं कोणाच्या भरवशावर?”

“मावशी, येळ वाचंल,” भारत म्हणाला.

“वाचवून ठेवशील कुठं?”

हा प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्याने घेतला गेला नाही. दीपमाला ओटीतली फुले टेम्पोत ओतत होती. तिने विचारले, “भारतदादा, त्या खेळातल्या गाडीत मागं काय भरलेलं असतंय?”

“काईच नसतं.”

“हां,” दीपमाला म्हणाली, आणि दुसरी ओटी आणायला गेली.

टेम्पो निघाला. कालव्याच्या पुलाजवळ आमच्या मळ्याचे एकमेव मोठे वळण आहे. तिथे मंडळ आधीच जाऊन उभे होते. भारतने स्टिअरिंग उलट्या बाजूला दिले, मग वळणाकडे, हँडब्रेकला स्पर्श. इतके निर्दोष पश्चभागविचलन पडद्यावरही कोणी पाहिले नव्हते. टेम्पोचे मागचे अंग मोरासारखे फिरले आणि त्यातून झेंडू असा ओघळला, जशी लग्नघरात हळदीची परात कलंडावी. रस्ता पिवळा झाला. रस्त्याकडेची पाण्याची चारी पिवळी झाली. कालव्याच्या पाण्यावर पिवळ्या ओळी निघाल्या आणि खालच्या गावांकडे गेल्या. टेम्पो हलका झाल्याबरोबर त्याचा वेग वाढला. सिद्धान्त जागच्या जागी सिद्ध झाला.

मंडळाने टाळ्या वाजवल्या आणि सगळे कॅफेकडे धावले, कारण भारत नाशिकला पोचल्यावर कॅफेतल्या फोनवर वेळ कळवणार होता. फोन आला. बाबांनी आकडा मोठ्याने सांगितला. नाशिकला इतक्या लवकर आजवर कोणी पोचले नव्हते. झिपरूने फटाक्यांची माळ फोडली. त्या आवाजात अंबूबाई आल्या आणि त्यांनी रिसीव्हर घेतला.

“भारत, भाव काय निघाला?”

पलीकडे बाजारात भाव पुकारले जात होते.

“मावशी,” तो म्हणाला, “फुलं वाटंतच उतरली.”

अंबूबाईंनी रिसीव्हर जागेवर ठेवला. तो नीट बसला आहे ना, हे पाहिले आणि त्या गेल्या. वळणावर दीपमाला एकटीच वाकून चाकाखाली न आलेली फुले पदरात वेचत होती. पण ती फार वेळ एकटी राहिली नाही. उद्या दसरा, गाड्यांची पूजा, आणि रस्त्यावरचे फूल कोणाच्या मालकीचे नसते. दुपारपर्यंत सगळा मळा टोपल्या-पाट्या घेऊन लोटला. दुसऱ्या दिवशी दारोदारी तोरणे होती, ट्रॅक्टरांना हार होते, विहिरीच्या मोटारींना हार होते आणि चाळीतल्या संगणकाला तर असा घसघशीत हार, की पडदा अर्धा झाकला गेला. (त्या दिवशी चिमाजीची पिवळी गाडीही समुद्रात गेली.) इतका भरगच्च दसरा मळ्याने कधी पाहिला नव्हता, आणि तोही फुकट.

संध्याकाळी मंडळाने सत्कार ठेवला. भारतला नारळ दिला. तो मान खाली घालून बसला होता. विनय म्हणून त्याची नोंद घेण्यात आली. विक्रमासाठी माल पुरवल्याबद्दल अंबूबाईंनाही पुढे बोलावले आणि झेंडूचा हार घातला. त्यांनी हारातले एक फूल उलटून पाहिले, देठाशी खूण ओळखू यावी तसे, आणि हार काढून हातात धरून ठेवला.

भारतच्या विक्रमाची ही हकिगत आम्ही पुढे अनेक गावांत सांगितली. येवल्याला सांगितली, नांदगावला सांगितली, इगतपुरीला भर पावसात सांगितली. ऐकणारा सगळीकडे हळहळतो, जरा हसतो आणि मग विचारतो, “पण शेवटी टाइम किती लागला?” इथे तो आकडा लिहिलेला नाही. टाळ्या वाजल्या, माळ फुटली तेव्हा तुम्ही मागची ओळ पुन्हा चाळून तो शोधला असेल, तर लाजू नका; सगळेच शोधतात. दीपमालाचे नाव कॉलेजात लागले की नाही, तेही इथे लिहिलेले नाही. ते मात्र अजून कोणी विचारलेले नाही.