बोधनकरकाका आणि माझे टाके

हर्नियाचं ऑपरेशन करून घरी आलो त्या संध्याकाळी माझ्या तोंडून एक चुकीचं वाक्य गेलं. शेजारचे बोधनकरकाका भेटायला आले होते आणि त्यांच्या विनोदातला उंट नुकताच भटिंड्याहून निघाला होता. हा उंट राजपुऱ्याला पोचेपर्यंत ऐकणारे सहसा उठून गेलेले असतात. मला उठता येत नव्हतं. म्हणून म्हणालो, "काका, आता नको. हसलो की टाके दुखतात."

बोधनकरकाका मूळचे अमरावतीचे. चंडीगडला वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि इथेच राहिले. "ऐका, हे नवीन आहे," म्हणून ते जे सांगतात ते कधीच नवीन नसतं. शेवटचं वाक्य दोनदा सांगतात. समोर पंजाबी शेजारी असले तर तिसऱ्यांदा हिंदीतून. त्यांच्या विनोदाने आजवर कुणाचं काही दुखलं असेल तर पाठ, बसून बसून.

माझं वाक्य मात्र त्यांना शाल-श्रीफळासारखं पोचलं. दुसऱ्या दिवशी बायको दूध घेऊन आली ती हसू दाबतच. "काका बागेत सगळ्यांना सांगताहेत, 'मेरे जोक से इनके टाँके टूटते टूटते बचे जी.'"

मग काकांनी माझी जबाबदारीच घेतली. रोज पपई घेऊन यायचे. पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू द्यायचे नाहीत. "खोकायच्या आधी पोटावर उशी धरा बाप्पा," म्हणत तीन फुटांवरून माझ्या खोकल्याची वाट बघायचे. विनोद बंद. मला हसू येऊ नये म्हणून सोसायटीच्या नोटिसा वाचून दाखवायचे. ओला कचरा, सुका कचरा हे त्यांनी अशा शोकाकुल आवाजात वाचलं की मला खरोखर हसू फुटलं आणि खरोखर कळ आली. काकांनी नोटीस घडी करून खिशात ठेवली. त्यानंतर नुसतेच बसायचे. आलेला विनोद गिळताना त्यांचा कंठ हललेला दिसायचा.

तपासणीलाही सोबत आले. डॉक्टर काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, "हे हसू कधी शकतील?"

"जखम छान भरली आहे. जड उचलणं अजून नको. हसायला काहीच हरकत नाही," डॉक्टर म्हणाले. मला शिक्षा सुनावल्यासारखं झालं.

परतताना काका गाडीत गप्प होते. मला वाटलं, तयारी चाललीय. इंडस्ट्रियल एरियाच्या सिग्नलला म्हणाले, "म्हणजे आता तुमचं काही दुखायचं नाही."

"नाही ना."

"बरं झालं," काका खिडकीबाहेर बघत म्हणाले. "तुमची काकू हसायची बरं का. ती गेल्यावर नातवंडांना सांगून पाहिलं. मराठी समजतं त्यांना. 'ओके नानू, अच्छा था,' म्हणतात."

सिग्नल सुटला. मी म्हणालो, "संध्याकाळी या काका. उंटाचं अर्धंच राहिलंय."

आले. उंट राजपुऱ्याला पोचला, शेवटचं वाक्य दोनदा झालं. काका माझ्या तोंडाकडे नाही, पोटाकडे बघत होते. मी हसलो, पोटावर हात दाबून धरला आणि कळवळून म्हणालो, "आई गं. काका, अजून दुखतं हो."

"जपा बाप्पा," म्हणत ते केवढ्या समाधानाने घरी गेले.

बायकोने दार लावलं. "ऑपरेशन डाव्या बाजूचं झालंय," ती म्हणाली. "उद्या डावीकडे धरा."