नाक बघणारी बाई

चित्रपट निवडायला बसलेल्या पाच परीक्षकांपैकी दोघे जेवणाआधीच बाद झाले. त्यात त्यांचा दोष नव्हता. आयस्लंड एवढासा देश. ज्याचा कुणाशी काही संबंध नाही असा माणूस हवा तर तो विमानाने मागवावा लागतो. नियम मात्र कडक. चित्रपटाच्या नामावलीत ज्याचं स्वतःचं किंवा नातलगाचं नाव असेल, त्याने मत द्यायचं नाही. एकाचा जावई एका चित्रपटात घोडा घेऊन गेला होता, दुसरीची आत्या दुसऱ्या चित्रपटात धक्क्यावर उभी राहून रडली होती.

उरले तिघे. तिघांहून कमी झाले तर निवडच रद्द, आणि आज संध्याकाळपर्यंत नाव कळवलं नाही तर अमेरिकेतल्या त्या मोठ्या बक्षिसासाठी यंदा देशातर्फे कुणीच जाणार नव्हतं.

"आता कृपा करून कुणाचे नातेवाईक निघू नका," अध्यक्ष हाल्बेरा म्हणाली. "संध्याकाळपर्यंत तरी."

"माझं घराणं मी तपासलंय," ओद्दुर म्हणाला. तो सिनेमावर लिहायचा आणि बोलायचाही तसंच.

तिसरी सोलरून. तिचं लक्ष खिडकीबाहेर होतं. खाली भिंतीच्या आडोशाला निळी बाबागाडी, गाडीत चार महिन्यांचा मुलगा. थंड वाऱ्यात झोपवलेलं मूल गाढ झोपतं, हे तिला आईने, सासूने आणि नर्सनेही सांगितलं होतं. ते श्वास घेत राहील, असं मात्र कुणी लिहून दिलं नव्हतं.

"नाव ठेवलंस का गं?" हाल्बेराने विचारलं.

"अजून नाही. कायद्याने सहा महिने असतात ना. चुकीचं पडलं तर जन्मभर तो मलाच बोलेल."

"तू बाहेर किती वेळा जाणार आहेस, तेवढं सांग. मी दार उघडंच ठेवते."

शेवटचा चित्रपट सुरू झाला. ड्रिफा नावाच्या मुलीने मासेमारीच्या एका गावात, गावकऱ्यांनाच घेऊन केलेला. सोलरून दोनदा उठून बाळाच्या नाकाला हात लावून आली, आणि तरीही चित्रपटाने तिला धरून ठेवलं. हाच जायला हवा, असं तिच्या मनात ठरून गेलं.

"आता बघ," ओद्दुर कुजबुजला. "निरोपाचा प्रसंग. नायिकेकडे नको, मागे बघ."

पुढे नायक-नायिका शेवटचं बोलत होते. मागे बेकरीच्या दारात एक निळी बाबागाडी. बेकरीतून एक बाई आली, गाडीत वाकली, नाकाला हात लावला, आत गेली. पुन्हा आली. नायिका रडायला लागली तेव्हा ती तिसऱ्यांदा आली, तोंडात अर्धा पाव घेऊन.

"ती बाई म्हणजे आपला देश," ओद्दुरचा आवाज जड झाला. "पुन्हा पुन्हा येऊन बघतो, आपण जिवंत आहोत ना. काय सुचलंय त्या पोरीला."

सोलरूनने पडद्यावरच्या गाडीकडे पाहिलं, मग खिडकीबाहेरच्या. उत्तरेला जाताना त्या गावात ती, नवरा आणि बाळ फक्त कॉफीपुरते थांबले होते. रस्त्यापलीकडे कॅमेरा लावून घोळका उभा होता, असं नवरा नंतर म्हणाला होता. तिला कुणी दिसलं नव्हतं.

गप्प बसावं, असं तिला एक क्षण वाटलं. मग तिने दिवा लावला.

"तो देश नाहीये," ती म्हणाली. "ती मी आहे."

ओद्दुरने चष्मा काढला. "पण तो पाव?"

"भूक लागली होती."

"म्हणजे संपलं सगळं. दोघंच उरलो," तो म्हणाला.

हाल्बेरा उठली. तिने चित्रपट पुढे सरकवून शेवटची नामावली लावली आणि नाक पडद्याला लावून वाचत बसली. सगळं गाव होतं. दोन कुत्रीही होती.

"तुझं नाव नाही," ती म्हणाली. "नवऱ्याचं नाही. आणि मुलाचं तर कुठेच नाही. मत दे."

तिन्ही मतं ड्रिफालाच पडली. नाव कळवून झालं आणि थोड्या वेळाने तिचाच फोन आला. आधी ती रडली, मग कामाचं बोलली.

"हाल्बेरा, एक अडचण आहे. बघणारा प्रत्येकजण मागच्या बाईबद्दल विचारतो. नामावलीत घालावं म्हणते, पण गावात तिला कुणी ओळखत नाही. तुला माहितेय का नाव?"

हाल्बेराने खिडकीतून खाली पाहिलं. निळ्या गाडीत कुणीतरी वाकलं होतं.

"तिला नाव नाही," ती म्हणाली.

"असं कसं?"

"अजून ठेवायचंय. सहा महिने असतात ना."